‘तोंडावर’ची वारस

मी, बेबीनंदा संपत हिवाळे, वय एकसष्ट, धर्म बौद्ध, माजी अंगणवाडी सेविका, राहणार अंबड रोड, जालना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. मी पूर्ण शुद्धीत आहे. मला कोणी दमदाटी केलेली नाही की चहातून काही पाजलेले नाही. वकिलांनी दिलेल्या नमुन्यात ‘स्वस्थ चित्ताने’ असे शब्द होते, ते मी खोडले आहेत. येत्या सोमवारी छत्रपती संभाजीनगरला माझ्या हृदयाची बायपास व्हायची आहे. चार ओळी लिहिल्या की मी उठते, गच्चीवर जाऊन येते, पुन्हा बसते. असे चित्त स्वस्थ आहे असे लिहिणे खोटे होईल. वकील राजानंद मगरे म्हणाले, “ताई, कोर्टात असं चालत न्हाई.” मी म्हणाले, मग कोर्टाने घरी येऊन मला बघून जावे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. या कागदाचे तीन कच्चे खर्डे मात्र फाडले आहेत, ते कोणाला चिकटवलेले सापडल्यास रद्द समजावेत.

कलम पहिले, घर. अंबड रोडवरचे घर माझे पती कालकथित संपत हिवाळे आणि मी, दोघांच्या कमाईतून बांधलेले आहे. ते एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये भट्टीपुढे उभे राहिले आणि मी अंगणवाडीच्या मानधनातून खिडक्या बसवल्या. माझ्या पश्चात खालचा मजला मुलगा सूरज याचा आणि वरची खोली व गच्ची मुलगी सुमेधा हिची. मुलीला कशाला, असे विचारणारे नातेवाईक आहेत. त्यांना मी विचारते की भिंतीला पाणी मारायला दहावीतली सुमेधा रोज शाळेतून पळत यायची, तेव्हा तुम्ही कुठे होता?

कलम दुसरे, किरकोळ वस्तू. माझी थोरली जाऊ चांगुणाबाई हिला माझा काच फुटलेला जुना मोबाइल द्यावा. मी त्याच्यावर परपुरुषांशी बोलत बसते असे तिने साऱ्या भावकीत सांगितले होते. तिने तो चार्ज करून नीट तपासावा आणि त्यात काय सापडले तेही भावकीत सांगावे. शिलाई मशीन शेजारीण नंदाबाई गाढे हिला. ती ते मागणार नाही, म्हणून सूरजने स्वतः उचलून नेऊन ठेवावे.

कलम तिसरे, ब्लॉग. या कागदाचे खरे काम हे कलम आहे, आणि ह्याच्यासाठीच तीन खर्डे फाडले.

मस्तगडला मोबाइलचे दुकान असलेल्या कल्याण गायके याने मला अकरा वर्षांपूर्वी ब्लॉग उघडून दिला. नाव काय ठेवू म्हणून त्याने विचारले. मी म्हणाले, ‘तोंडावर’ ठेव, कारण लोक माझ्याबद्दल जे पाठीमागे बोलतात ते मी त्यांच्या तोंडावर बोलते. तेव्हापासून मी मनात आले तसे लिहीत आले. बसस्थानकावर बायकांना संडास नाही ते लिहिले. बियाण्याच्या कारखान्यात निवडणी करणाऱ्या बायकांना बसायला पाट मिळत नाही ते लिहिले, आणि तेव्हा सूरज तिथेच सुपरवायझर होता. घरातलेही लिहिले. नवरा भाजीला नावे ठेवतो, सून उशिरा उठते, मला म्हातारपणी मोठ्याने हसावेसे वाटते, सगळे लिहिले. लिहून झाले की मला झोप लागायची. न लिहिता राहिले की छातीत काहीतरी वळवळत राहायचे. डॉक्टर म्हणतात ते ब्लॉकेज होते, पण मला तसे वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी संपत गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाला मांडव भरला होता. वंदना झाली, भंतेजींची देसना झाली आणि मग आपल्याकडच्या रीतीप्रमाणे माइक फिरू लागला. जो उठला त्याने चांगलेच सांगितले. आवाज चढवला नाही, व्यसन केले नाही, इथपर्यंत मी ऐकून घेतले. मग आमच्या वार्डाचे अण्णासाहेब उठले आणि म्हणाले, “संपतभाऊंनी बायकोला शिकवलं, पुढं आणलं. असा आदर्श नवरा होणे न्हाई.” पुढच्या रांगेत मी पांढऱ्या साडीत बसले होते. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते.

खरी गोष्ट अशी की लग्नाआधीच माझे डी.एड. झाले होते, माझ्या बापाने केले होते. एक्क्याण्णव साली मला जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिकेची नेमणूक मिळाली, भोकरदनकडे. संपत मला न सांगता ऑफिसला जाऊन सांगून आले की ती येणार नाही. मला म्हणाले, नेमणूक रद्द झाली. नऊ वर्षांनी माझ्यासोबतच्या एका बाईकडून मला कळले. त्यांना विचारले तर म्हणाले, “पोरगी लहान होती. तू तिकडं, मी इकडं, कसं जमलं असतं?” आणि ताटावरून उठले. एवढेच उत्तर मला मिळाले.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी मी हे सगळे ‘तोंडावर’वर लिहिले. माणूस चांगला होता तेही लिहिले, मला आवडायचा तेही लिहिले. पण लोकांनी एक्क्याण्णव सालच तेवढे उचलले. मोबाइलवरून मोबाइलवर ते सुमेधाच्या सासरी, अंबडला पोचले. सुमेधाने फोन केला. ती रडली नाही. एवढेच म्हणाली, “मम्मी, खरं लिहिलं तू. पण पप्पा जिते असताना का न्हाई लिहिलं? मेलेला माणूस उत्तर देऊ शकत न्हाई. तू एकटीच बोलून राह्यली.” त्यानंतर ती सणावाराला आली, नातवंडे माझ्या मांडीवर ठेवली, स्वयंपाकघरात हात लावला, पण माझ्याशी बोलली नाही. मी लिहिलेले काढले नाही आणि तिने काढ म्हटले नाही.

आता ब्लॉग कोणाला द्यावा? पहिल्या खर्ड्यात सूरजला दिला होता. तो म्हणाला, “घर देऊन राह्यली ते बराबर. पण ब्लॉग मला देशील तर मी दुसऱ्या दिवशी डिलीट करीन, आताच सांगतो.” प्रामाणिक पोरगा आहे, पण नाव खोडले. दुसऱ्या खर्ड्यात कल्याणला दिला. तो एक अक्षर हलवणार नाही, पण तो सगळ्यालाच छान म्हणतो. सगळ्यालाच छान म्हणणारा माणूस मेलेल्या बाईच्या लिखाणाला काय राखणार? तिसऱ्यात कोणालाच दिला नव्हता. तोही फाडला.

म्हणून लिहिते की ‘तोंडावर’ हा ब्लॉग, त्यातील सर्व मजकूर आणि त्याचा पासवर्ड माझ्या पश्चात सुमेधा हिला मिळावा. तिने वडिलांबद्दलची ती पोस्ट ठेवावी किंवा काढावी, पूर्ण ब्लॉग बंद करावा, तिची मर्जी. अट एकच आहे. त्याआधी तिने तिथे माझ्याबद्दल एक पोस्ट लिहावी, मनात असेल तसे, मला न सांभाळता. तेव्हा उत्तर देता न येणारी मी असेन, म्हणजे फिट्टंफाट झाली.

कलम चौथे, बचत. दवाखान्याचा खर्च वजा जाता जे उरेल ते सून प्रीती हिला, तिचे अर्धवट राहिलेले बी.एड. पुरे करण्यासाठी. सूरजने कोणत्याही ऑफिसात जाऊन ती येणार नाही असे सांगू नये.

कलम पाचवे, माझे पुण्यानुमोदन. माइक ठेवावा. पण जो माझे चांगले सांगेल त्याने मी त्याला दिलेला एक त्रासही सांगावा, नाहीतर खाली बसावे. अण्णासाहेबांना जेवण द्यावे, माइक देऊ नये.

इथपर्यंतचा मजकूर मंगळवारी लिहून झाला होता. वकिलांच्या सांगण्यावरून सूरजने त्याची नक्कल अंबडला सुमेधाला दाखवली, कारण तिला जबाबदारी मान्य आहे की नाही हे आधी कळलेले बरे. सही शुक्रवारी करायची ठरली. काल, गुरुवारी, सुमेधा सकाळच्या बसने आली आणि चप्पल काढता काढताच माझ्याशी बोलली.

“मम्मी, तू मेल्यावर मी लिहू, आन् तू उत्तर द्यायला न्हाई. मंग तुझ्यात आन् माझ्यात काय फरक राह्यला?”

मी म्हणाले, “बरोबरी होईल ना.”

“मला बरोबरी न्हाई पाहिजे. लिहायचं तर मी आज लिहिते. तू वाच.”

मी तिला पासवर्ड दिला. ती वरच्या खोलीत जाऊन बसली. मी खाली भांडी पुसली, पुसलेली पुन्हा पुसली, जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. प्रीतीने वर चहा नेला तेव्हा तिच्या तोंडाकडे बघून काही कळते का ते पाहिले. दुपारी सुमेधाने लिहिलेले ‘तोंडावर’वर आले. सगळ्या जगाबरोबर मीही वाचले. त्याचा पहिला परिच्छेद मी जसाच्या तसा इथे उतरवते:

“शेवटच्या आजारात पप्पांना फार दुखायचं. ते मला फोनवर सांगायचे, मम्मीला नाही. मम्मीने विचारलं की बरं आहे म्हणायचे. मी म्हणाले, तिला सांगा ना. पप्पा म्हणाले, सांगितलं तर ती लिहील, आणि मिलमधले लोक वाचतील. आमच्या घरात सगळं खरं लिहिलं जायचं, म्हणून आम्ही खरं बोलणं बंद केलं होतं.”

हे मला माहीत नव्हते. दुखतंय का, म्हणून मी रोज विचारायची. बरं आहे म्हणाले की मी गच्चीवर जाऊन लिहीत बसायची. ज्या माणसाशी पस्तीस वर्षे संसार केला तो मला भिऊन विव्हळला नाही, हे मी मोबाइलवर वाचले. नळ सोडून मी खूप रडले.

दुसऱ्या परिच्छेदात सुमेधा लिहिते की नऊ वर्षांत मम्मीने एकदाही त्या ऑफिसला जाऊन का विचारले नाही, तिला स्वतःलाच जायचे नसेल. हे साफ चूक आहे. दोन वर्षांची ही पोरगी कडेवर, तिला सारखा ताप, हिला काय आठवते? मी लगेच उत्तर लिहायला बसले. सुमेधाने लॅपटॉप मिटला.

“आज न्हाई. छातीला हात लावून राह्यली तू. ऑपरेशन होऊ दे, वापस ये, मंग लिही. मी काढणार न्हाई.”

म्हणून कलम सहावे. वरील तिसऱ्या कलमातील ‘माझ्या पश्चात’ हे शब्द रद्द. ब्लॉग कालपासून सुमेधाचा आहे. तिने माझ्याबद्दल लिहिलेली पोस्ट कोणीही काढू नये. काल रात्री ती काढावी असे मला दोनदा वाटले, म्हणून आज सकाळी मी तिला पासवर्ड बदलायला लावला. नवा पासवर्ड मला माहीत नाही. दुसऱ्या परिच्छेदाला माझे उत्तर आहे आणि ते मला त्याच जागी, तिच्या परवानगीने द्यायचे आहे. तेवढ्यासाठी मला दवाखान्यातून परत यायचे आहे.

हे मृत्युपत्र मी वाचले, पटले, आणि खालील दोघांच्या देखत सही केली. त्या दोघांनीही माझ्या देखत सह्या केल्या. सुमेधाला यातून मिळणार असल्याने तिला साक्षीदार केलेले नाही. ती बाहेर माझी बॅग भरते आहे.

स्थळ: जालना
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

सही: बेबीनंदा संपत हिवाळे

साक्षीदार:
१. नंदाबाई धर्मराज गाढे, शेजारी (शिलाई मशीन नको म्हणून यांनी सांगितले, म्हणून साक्षीला घेतले)
२. कल्याण वसंता गायके, मोबाइल दुरुस्ती, मस्तगड