पहिला तोडा

तीर्थरूप बाबांना लंडनहून योगिनीचा वाकून नमस्कार.

लहानपणी शेतातून तोडलेल्या वांग्यांची पहिली टोपली मी बाजारात न्यायला निघाले, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, “कुठी नेऊन राह्यली? पयला तोडा इकाचा नाही, आदी शेजाऱ्याईले देऊन ये.”

गुंतवणूक बँकेतलं माझं प्रशिक्षण संपलं. चांगलं झालं, इथेच कायमची नोकरी मिळाली. त्या दिवशी मी दुकानातून वांगी आणून सोबतच्यांना वाटली. त्यातला डॅनियल म्हणाला, “मी याचं काय करू?” सगळे हसले, मीही हसले. आपल्या आसेगावात असं कुणी विचारलं नसतं.

जेवण वेळेवर होतं. खोली उबदार आहे, फक्त फार शांत आहे. आईचा गुडघा कसा आहे? विहिरीवरची मोटार नीट चालते ना?

आता गावी येणं सुट्टीपुरतंच, हे आईला तुम्हीच हळूच सांगा.

दिवाळीला आठवडाभर येते. यंदा वांग्यांचा पहिला तोडा तोवर थांबवाल? “तुह्या सुट्टीसाठी वांगी जून करू काय?” असंच म्हणाल, ठाऊक आहे. तरी थांबवा, बाबा.

तुमची लेक,
योगिनी