घराला एकच ठिपका

प्रिय आई,

काल सांगलीला माझी एम.फिल.ची तोंडी परीक्षा झाली. पास झाले! पलूसच्या एसटीत बसल्यावर मनात आलं, घरी पोचले की आधी तुला सांगायचं. तू जाऊन चार महिने झाले, तरी सवय जात नाही. म्हणून हे पत्र.

माझा विषय तुला कधी नीट सांगितला होता का गं? एखादं मत गावात कसं पसरतं, त्याचं गणित. प्रत्येक माणूस म्हणजे कागदावरचा एक ठिपका. ज्यांच्याशी रोजचं बोलणं, त्यांच्याकडे तो हळूहळू झुकतो. मी आपलंच गाव घेतलं होतं. पोरींना सायकलवर हायस्कूलला धाडायला गाव कसं तयार झालं? पहिली सायकल तर माझीच होती.

घरोघरी कर्त्या पुरुषाला विचारून आले आणि घराला एक ठिपका दिला. गणित काही केल्या जुळेना. त्यात गाव अजून नाहीच म्हणत होतं, आणि रस्त्यावर तर पोरींच्या सायकलींची रांग!

तू भाकरी थापत होतीस. "नुसतं बाप्यांस्नीच इचारलंस व्हय? मग कसं जुळंल? तुजा बापच पैला न्हाई म्हणणारा."

"तुला काय कळतंय ह्यातलं?" असं बोलून गेले मी. तू पुढची भाकरी थापायला घेतलीस. ते अजून टोचतं.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन पिठाच्या गिरणीत बसले. दळणाला आलेली प्रत्येक बाई तुझंच नाव घेई. "तुज्या आईनं सांगितलं की, 'माजी पोरगी सायकलवर जातीया, कायबी झालं न्हाई.'" वर्षानुवर्षं तू तेच एक वाक्य बोलत राहिलीस. मी घराला दोन ठिपके दिले, एक बाप्याचा, एक बाईचा; तुझा कुणाकडेही न झुकणारा धरला, आणि गणित जुळलं. एक माणूस ठाम राहिला की बाकीचे उशिरा का होईना, त्याच्याकडे येतात. केवढा अभिमान वाटला तुझा! मग तोंडानं का नाही सांगितलं मी?

काल परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "इतकं ठाम कुणी खरंच असतं का?" मी गिरणीतली वही उघडायला लागले. तेवढ्यात माझ्या सोबतीला आलेले आप्पा, तेच पहिले नाही म्हणणारे, मागच्या बाकावरून टोपी सावरत उठले.

"हुती सायब. ह्या पोरीची आई."

आई, यापुढे कुठल्याही गावात गेले तर आधी बायकांना विचारीन. आणि तुला सांगायला उशीर केला, तसा आप्पांच्या बाबतीत करणार नाही. ते बाहेर कट्ट्यावर एकटेच बसलेत. हे पत्र मिटते आणि त्यांच्यापाशी जाते.

तुझीच,
सुमन