टपावरच्या फळ्या

१२ तारीख, मंगळवार

पहिली टपकली ती समोरची शिवणवाली. पोरं अजून गाडीतून उतरली पण नव्हती आणि ही गळ्यात टेप अडकवून फाटकाशी हजर. "मावशी, नातीनं दरवाजे आणले का हो?" मी म्हटलं, आणले असतील. मला काय ठाऊक! गाडीच्या टपावर दोन लांडे दांडे, त्यावर दोन लांबच लांब फळ्या, एकीवर एक, मध्ये जुनी चादर, आणि वरून पट्टे करकचून आवळलेले. इस्त्रीच्या फळ्या म्हणाव्यात तर पाय नाहीत. आणि एकीच्या पाठीवर माशासारखा पर निघालाय. दरवाजाला पर कशाला?

ते राहू दे. ठमी आली! दोन वर्षांनी. गळ्यात पडली तर तिच्या केसांतली वाळू माझ्या तोंडात. बरोबर एक ताडमाड मुलगा. नाव सांगितलं, मी विसरले, मी त्याला लंबू म्हणते, तो ओ देतो. नवरा नाही, व्हायचाय म्हणे. "कधी?" विचारलं की दोघं एकमेकांकडे बघून हसतात. आता यात हसायचं काय?

मास्तर बाहेर आला. मास्तर म्हणजे ठमीचा बाप, माझा मुलगा. गाडी चालवायला शिकवतो म्हणून सगळी गल्ली मास्तर म्हणते, मग मीही तेच म्हणायला लागले. फळ्यांकडे बघितलं आणि सूनबाईला म्हणाला, "तिला सांग, गाडी फाटकासमोर नको." ती हातभर अंतरावर उभी! ठमी म्हणाली, "आई, बाबांना सांग, काढते." दोघांच्या मध्ये बिचाऱ्या सूनबाईचं पोस्टखातं झालंय.

१३ तारीख, बुधवार

आज फळ्यांचा उलगडा झाला. म्हणजे त्यांनी केला, मला झाला नाही. समुद्रात जायचं, लाट आली की फळीवर उभं राहायचं, आणि लाटेबरोबर काठाला यायचं.

"मग परत?"

"मग परत आत जायचं, आजी."

"काठाला आलात ना? मग परत आत कशाला?"

लंबू म्हणाला, "आजी, हे अजून कुणालाच नीट सांगता आलेलं नाही." मुलगा खरं बोलतो. मला आवडला.

हेच शिकवायचा क्लास काढणार दोघं. पार लांब, समुद्राकाठी. खोली घेतलीये, रविवारी सकाळी निघणार. चांगली नोकरी सोडली ती यासाठी, आणि मास्तरनं बोलणं सोडलं ते पण यासाठीच. मला एकच लागलंय. रविवारच्या आत त्यानं तिच्याशी एक शब्द बोलावा. चांगला नसला तरी चालेल. न बोलता गेली तर पुन्हा दोन वर्षं जातील, आणि माझ्याकडे काही वर्षांचं पोतं भरून ठेवलेलं नाही.

१४ तारीख, गुरुवार

बोलला नाही. तिनं चहा ठेवला, त्यानं प्यायला. साखर कमी पडली, तर सांगितलं कुणाला? मला!

१५ तारीख, शुक्रवार

शिवणवाली पुन्हा आली, या खेपेला नणंदेला फळ्या दाखवायला घेऊन. नणंद म्हणे, एवढ्या महागाच्या वस्तू आणि टपावर? आत का नाही ठेवत? मी म्हटलं, बाई, त्या गाडीत मावत नाहीत आणि मास्तरला घरात चालत नाहीत.

ती म्हणाली, पट्टे बघा कसे पिळलेत. मी बघितलं तर खरंच. प्रत्येक पट्ट्याला एकेक मुरड, चड्डीची नाडी ओवताना उलटी जावी तशी. लंबू उंच असला तरी नीटनेटका नाही, एवढं कळलं. दुपारी सगळी आडवी झाल्यावर मी स्टूल घेतलं. बक्कल दाबलं की पट्टा सैल होतो. मुरड काढली, सपाट केला, पुन्हा ओढून बसवला. दुसऱ्याचंही तसंच. कमरेत कळ आली, पण पट्टे कसे इस्त्री केल्यासारखे दिसायला लागले. पोरीचं काहीतरी करता आलं, बरं वाटलं.

१६ तारीख, शनिवार

आज काय झालं ते लिहिते, अर्थ मला विचारू नये.

मास्तरच्या गाडीचा क्लच गेला आणि शिकाऊ मंडळी तिकडे दुसऱ्या गाडीपाशी वाट बघत. सूनबाई म्हणाली, ठमी सोडेल. नाही नाही म्हणत गेला, मागच्या सीटवर बसून, पाहुण्यासारखा. दुपारी घामाघूम होऊन आला आणि सूनबाईला सांगायला लागला. मी शेजारीच भाजी निवडत होते.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर गाडी रडायला लागली म्हणे. भोंऽऽ! जितकी जोरात न्यावी तितकं मोठं रडणं. मास्तरनं बसल्या बसल्या नसलेला ब्रेक दाबला आणि म्हणाला, "थांबव गाडी." ठमीलाच म्हणाला! बॉनेट उघडलं, चाकाखाली वाकून बघितलं, काही नाही. पुन्हा निघाले, पुन्हा भोंऽऽ. तेव्हा ठमीनं मान बाहेर काढून वर बघितलं.

"बाबा, पट्टे वाजतायत. सपाट असले की वाऱ्यानं थरथरतात. एक मुरड द्यावी लागते."

"मग दिली का नाहीस?"

"दिली होती."

"दिली असती तर वाजले असते का?"

तिथून जे सुरू झालं ते रस्त्याच्या कडेला, उन्हात. नोकरी, फोन न करणं, लंबू, दोन वर्षं, सगळं निघालं. शेवटी ती म्हणाली, आता ते टोक धरा. यानं धरलं.

सांगून झाल्यावर सूनबाईनं माझ्याकडे बघितलं. मी भाजी निवडत राहिले.

आता मला सांगा, भांडून आलेल्या माणसाचा चेहरा असा असतो? लग्नाहून जेवून आल्यासारखा? मी म्हटलं, चला, सुटलं. आणि रात्री जेवताना पुन्हा, "तिला सांग, मीठ दे." माझं तर डोकंच चालेना. ठमीनं मीठ दिलं, मान वर न करता.

१७ तारीख, रविवार

गाडी चालू होऊन उभी. ठमी पाया पडली, लंबू पडला, मी दोघांना जवळ घेतलं. मास्तर दिसेना. मी म्हटलं, झालं, लपून बसला. तेवढ्यात बाहेर आला, हातात बॅग, पायांत बूट.

"तू कुठं रे?"

"वाटेत पट्टे ढिले पडतात, आई. कुणीतरी बघायला नको?"

आणि पुढच्या सीटवर जाऊन बसला. लंबू मागे, गुडघे हनुवटीला लावून.

शनिवारी येतो म्हणाले. तिघंही.