वरचं खोरं

प्रिय ग्लॅडिस,

आंगसला पहिला दात येतोय, त्यामुळे हाताला लागेल ते चघळतो. व्हाइटहॉर्सला यंदा उन्हाळा बरा आहे, डास सोडले तर. तुमच्या तळावर किती डास असतील ते मला ठाऊक आहे, आणि खरं सांगू, त्या डासांसाठीसुद्धा माझा जीव तळमळतो.

काल बस्टर तुमची रसद पोचवून विमान घेऊन परतला आणि चहाला आला. "तुझी मैत्रीण रानबकरीसारखी कडे चढते गं," म्हणाला. "ह्यू म्हणतो, मोजणीला असा जोडीदार आजवर मिळाला नव्हता." मी त्याच्या चहात दोनदा साखर घातली, आणि तो तसाच प्यायला. तुझ्याआधी ह्यूचा जोडीदार कोण होतं, ग्लॅडिस? तीन उन्हाळे खालचं खोरं त्याच्याबरोबर मी मोजलं, गुडघाभर बर्फाच्या पाण्यात उभी राहून. वरच्या खोऱ्याच्या जागी नकाशावर नुसता कोरा कागद होता. तिथे पोहोचायचा उन्हाळा आला आणि मला दिवस गेले. माझ्या जागी तुझं नाव मीच सुचवलं.

सासूबाईंना भलतीच शंका. "बायकोला इथे लंगोट धुवायला ठेवून माझा लेक तुझ्या मैत्रिणीबरोबर डोंगरात! मी असते तर डोळ्याला डोळा लागला नसता." माझाही लागत नाही, पण ह्यूपायी नाही. तो तुझ्याकडे बघेल तर दुर्बिणीतूनच, तेही तू मोजकाठी धरली असशील तर. मला मत्सर वाटतो तुझ्या दिवसांचा. नकाशात नसलेल्या कड्यावर तू सकाळी चढतेस, आणि संध्याकाळी तो कडा कागदावर उतरतो, तुझ्या हातानं.

परवा सासूबाईच म्हणाल्या, "जा बाई, पोराला मी सांभाळते. आपला माणूस आपण राखावा." मी मान खाली घालून "बरं" म्हटलं. त्यांना तसंच समजू दिलं.

बाळाचं अंगावरचं दूध सुटलं की मी माझी जागा परत घेईन, असं आपलं ठरलं होतं. ते आता सुटलंय. तेव्हा तू हसून हो म्हणालीस. आता नदीचा उगम हाताशी आलाय; हसशील का, माहीत नाही. तोंडावर मला हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहिलं. बस्टर हे पत्र तुझ्या हातात देईल तेव्हा मी त्याच्या विमानातून माझी पिशवी उतरवत असेन. चिड, भांड, हवं तर बोलू नकोस. पण परतताना त्याच्याबरोबर बस.

तरीही तुझीच,
रोवेना