मी न पाहिलेले फोटो

२२ नोव्हेंबर

चि. ठकूस,

आशीर्वाद. घरी सगळं ठीक. तुझ्या बाबांचा खोकला गेला, नळ अजून गळतोय. माझं पत्र बघून दचकू नकोस, कोणी आजारी नाही. तुझ्या लग्नापासून मी तुझ्याशी बोलत नाहीये, हे माझ्या पक्कं लक्षात आहे. हे पत्र फक्त सीडी रायटरबद्दल आहे.

तुझ्या लग्नात फोटो काढायचं काम बाबांनी हौसेनं अंगावर घेतलं, घरी येऊन ते आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर चढवले आणि कॅमेरा रिकामा करून टाकला. म्हणजे ते फोटो साऱ्या जगात एकाच ठिकाणी, आणि ते ठिकाण नुसतं सुरू होईपर्यंत माझा अर्धा स्वयंपाक होतो. तू फोनवर फोटो मागितलेस की बाबा "पाठवतो, पाठवतो" म्हणायचे. शेवटी सीडीवर घालून पाठवायचं ठरलं आणि ते रायटर घेऊन आले.

दुकानदार म्हणाला, "काका, मशीन म्हातारं झालंय. रायटर जोडून देतो, पण सीडी राइट होत असताना त्याला दुसरं कुठलंही काम सांगायचं नाही. बिथरतं."

बाबा खूश. म्हणाले, "माझंही तसंच आहे, पण घरात ऐकतं कोण!"

जोडणीची तर तऱ्हाच. आतली केबल आखूड पडली, म्हणून रायटर बाहेर, बिस्किटांच्या डब्यावर. कॉम्प्युटरचं झाकण कायमचं उघडं. शेजारच्या वहिनी डोकावून म्हणाल्या, "ऑपरेशन चालू आहे का?" पहिली सीडी लावून बाबा अंघोळीला गेले. बाहेर येऊन बघतात तर सीडी वाया. दुसरीच्या वेळी दाढी करत होते. तीही वाया. तडक दुकानात जाऊन भांडले. दुकानदारानं रायटर बदलून दिला, तोही आपल्या घरात येऊन नापास! मग पंखा बंद झाला, मिक्सरवर बंदी आली, मी चालले तरी "हळू, हळू".

आता ऐक. बाबांची पाठ वळली की मी फोटो बघत होते.

"मला नाही बघायचे ते फोटो," असं सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं होतं ना? मग उघड कशी बघणार! कॉम्प्युटर चालू करणं मला जमत नाही, पण चालू असला की फोटोवर टिचकी मारता येते. आणि एरवी बाबा त्याच्यासमोरून हलतात कुठे? माझी टिचकी पडली की म्हातारं मशीन बिथरायचं.

परवा पकडले गेले. समोरच्या फोटोत तू रजिस्टरवर सही करायला वाकली आहेस. कॉलर मागे दुमडली आहे आणि ती सरळ करायला शेजारी कोणी नाही. माझं बोट आपोआप स्क्रीनवर गेलं. मागून बाबा म्हणाले, "अशी नाही व्हायची ती सरळ." मी इतकी घाबरले की भिंतीवरचं बटणच बंद केलं. त्यानंतर कॉम्प्युटर उठलाच नाही. दुकानदारानंही हात टेकले. बाबा एवढंच म्हणाले, "फोटो गेले. ठकूला मी सांगणार नाही. तूच कळव."

दोन दिवस मी नुसती रडत होते. पोरीच्या लग्नाला गेले नाही ते नाहीच, वर तिचे फोटोही घालवले.

आज इथवर लिहिलं आणि कागद संपला, तो शोधायला बाबांचं कपाट उघडलं, तर सदऱ्यांखाली एक सीडी. वर त्यांच्या अक्षरात "ठकूचं लग्न". वहिनींकडे लावून बघितली. सगळे फोटो आहेत! मी बाजारात गेले असताना गुपचूप केलेली दिसते. माझी चोरी त्यांना कधीच कळली होती, आणि तरी मला रडू दिलं, मी तुला पत्र लिहावं म्हणून. सीडी होती तिथे ठेवून दिली. त्यांना वाटू दे, मला पत्ता नाही.

पत्र मात्र फाडलं नाही.

फोटो पोस्टानं येणार नाहीत. न्यायला ये. जावईबापूंनाही आण. ते हसताना बरे दिसतात, मी नीट बघितलंय. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही, पण तू ये.

तुझ्या लग्नाला जी यायला हवी होती, ती
आई