देव्हाऱ्यातल्या मुऱ्या

बीड, चैत्र वद्य २, शके १८३४

तीर्थस्वरूप हरिबामामांस,
बद्रीनाथचा साष्टांग नमस्कार वि. वि. कचेरीत हैदराबादहून एक साहेब आले आहेत. नदीनाल्यांतले मासे बाटलीत भरून नेतात. सिंदफणेत वाळूत घुसून बसणारी मुरी असते, असं मी बोलून बसलो. आता त्यांना ती जिवंत हवी. आणून दिली तर मला कायम करा, अशी शिफारस करणार आहेत. दशमीला निघतील. आई माळकरी, तेव्हा घरात माशाचं नावही नको.
आपला लोभ असू द्यावा, जमल्यास चार मुऱ्याही.
बद्रीनाथ

माजलगाव, वद्य ५

चि. बद्रीनाथास अनेक आशीर्वाद.
मुऱ्या धरायला तुझी जीभ पुरली, मला गुडघे लागले. नदीला सध्या बारीक धार आहे. मुरी बोटभर, वाळूच्याच रंगाची, तोंडाला मिशा. हात घातला की गडप. तिच्या डोळ्याखालचा काटा माझ्या अंगठ्यात गेला, हे नोकरी लागल्यावर विसरू नकोस.
मडकं गाडीत फुटेल म्हणून तांब्याच्या गडूत ओली वाळू आणि पाणी घालून तोंडाला फडकं बांधलं आहे. कोणी विचारलंच तर नदीचं पाणी हाय एवढंच सांग, असं गाडीवान दस्तगीरला बजावलं आहे.
अक्काला माझा नमस्कार, आणि पकडला गेलास तर माझं नाव घेऊ नकोस.
तुझा मामा, हरिबा

बीड, वद्य ११

तीर्थस्वरूप मामांस सा. न. वि. वि.
घात झाला. मी कचेरीत असताना दस्तगीरने गडू आईच्या हाती दिला. भावाकडून नदीचं पाणी, तेही तांब्याच्या गडूत. आईला ती गंगाच वाटली. मी आलो तेव्हा गडू देव्हाऱ्यात, वर हळदकुंकू, आणि शेजारच्या छबुबाई दर्शनाला. हरिबानं काशीच्या गंगेचा शब्द पाळला म्हणून आईचे डोळे भरले होते. मला खरं सांगवेना. दशमीला गंगापूजन घालायचं आणि तोवर गडू उघडायचा नाही, असं तिने ठरवून टाकलं.
शेवटी साहेबांना सगळं सांगितलं. ते हसले, जाणं एक दिवस लांबवलं आणि बूट काढून पूजेला येऊन बसले. गुरुजींनी गडू परातीत ओतला. वाळू पडली आणि चार मुऱ्या वळवळल्या. गुरुजींचा मंत्र तोंडातच राहिला. आईने हात जोडले आणि मत्स्यावतार म्हणाली. साहेबांचा हात बाटलीकडे गेला. आईने पाहिलं, तसा मागे आला. मग त्यांनी पेन्सिल काढून तासभर एकेक मिशी कागदावर उतरवली. मुऱ्या वाजतगाजत बिंदुसरेत सोडल्या. शिफारस मिळाली.
आई नंतर चुलीपाशी म्हणाली, की मी सिंदफणेकाठची हाय, मुरी वळखत न्हाई का? लहानपणी हरिबाला धरायला मीच शिकवलं. पर बाटलीत मरू द्यायच्या होत्या व्हय? आणि मामाला लिही म्हणाली, गंगा अजून यायचीच हाय.
मायेत अंतर नसावे.
बद्रीनाथ

माजलगाव, वद्य १४

चि. बद्रीनाथास आशीर्वाद.
पत्र वाचून हसलो, आणि शेवटाला लाज वाटली. मी काशीचा शब्द दिला त्याला अकरा वर्षं झाली. अक्काला सांग, या कार्तिकात मी स्वतः तिला घेऊन जातो.
गुरुजींना मात्र सांगून ठेव, पुढचे अवतार मी पाठवणार नाही. कासव एकवेळ जमेल, त्यानंतर वराह आहे.
गडू घासून तिच्याजवळच राहू दे. खरी गंगा त्यातच भरायची आहे.
तुझा मामा, हरिबा