हळदीचा साबण आणि खालाची कढई

३ फेब्रुवारी १९४४, वसमत
वहिनीचं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं गेलं. साबणासाठी कॉस्टिक पाण्यात टाकलं तर पातेलंच फसफसायला लागलं. बुडाला भोकं. कॉस्टिक असलं भांडं खातं, हे मला काय ठाऊक! वहिनीनं ते दिवसभर दारात उपडं घालून ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला भोकं दिसावीत असं. बोलली असती तर बरं.
आधीच भावाच्या घरात विधवा बहीण म्हणजे... असो. दादानं महिन्याची मुदत दिली आहे. साबणाचं जमलं तर इथं राहायचं, नाहीतर शिरड शहापूरला दिराकडे. त्या चुलीपुढे मी परत बसणार नाही. नाही म्हणजे नाही.

५ फेब्रु.
शेजारच्या रहीमबी खालानं लोखंडी कढई दिली. लग्नातली, दोघींनी उचलावी लागते. मी घुटमळले. आम्ही वाणी, घरात अंडंही येत नाही. खालानं ओळखलं. "काहून बघून राहिलीस अक्का? तीनदा राखेनं घासली, इस्तवावर लाल केली. आता बराबर हाय."
तरी मी चौथ्यांदा घासली. ती बघत होती. लाज वाटली, पण घासली.

९ फेब्रु.
जमला! करडीचं तेल, थोडं खोबरेल. वड्या टणक, फेस भरपूर. लढाईमुळे बाजारात साबण दिसत नाही, गल्लीतल्या बायकांनी हातोहात नेल्या. दादा चक्क हसला. शेटेकाकूंनी लेकीच्या लग्नाला सांगितला. हळदीनंतर नवरीला न्हायला, हळद घालूनच हवा.

१५ फेब्रु.
घात झाला. हळद पडली आणि साबणाचा अख्खा घाणा लालभडक. वसमतची हळद, हात कशाला आखडायचा म्हणून मूठभर जास्तच टाकली होती. वड्या आतूनही तांबड्या. तशाच देऊन टाकल्या. माझं शहाणपण.

१७ फेब्रु.
वड्या परत. पाण्याला लाली उतरते. काकूंच्या जाऊबाईंनी गावभर केलं: "मुसलमानाच्या कढईतला हाय, रगत हाय त्यात." गल्लीतल्या बायकांनी अर्ध्या झिजलेल्या वड्यासुद्धा ओट्यावर आणून टाकल्या. दादा म्हणाला, "शनिवारी शिरडला पोचवून येतो."

१८ फेब्रु.
भाकरी तशीच टाकून बसले आणि एकदम कुंकू आठवलं. हळदीला चुना लागला की तांबडं होतंच की! कॉस्टिकनंही तेच केलं. एवढी साधी गोष्ट. पण हे गेल्यापासून कुंकवाकडे मी बघितलंच नव्हतं.

१९ फेब्रु.
काकूंच्या ओसरीवर बायकांसमोर हळदीत ओला चुना कालवला. तांबडं झालं. काकू हसायलाच लागल्या. "अगं बाई, कुंकूच की हे! रगत कुठलं!" वाटलं, सुटले. तेवढ्यात जाऊबाई: "ते व्हय. पण कढई कोणाची?"
"आमचीच," मी म्हणाले. पटकन. विचारसुद्धा केला नाही.
दारात खाला उभी होती. माझ्या बाजूनं बोलायला आली होती, हे नंतर कळलं. तशीच मागे फिरली.
काकूंनी पन्नास वड्या सांगितल्या. दादा शिरडचं बोलला नाही. मला आनंद झाला होता, खोटं कशाला लिहू.

२१ फेब्रु.
कढई घासून ठेवली, परत द्यायला. एकटीला उचलत नाही, वहिनी तिला हात लावत नाही. दुसरा कान नेहमी खालाच धरायची. तिच्या सुनेला हाक मारली. आली, पण कढईला हात लावला नाही. "अम्मी म्हनून राहिली, राहू द्या. कढई तुमचीच हाय न्हवं."


२२ फेब्रु.
उद्या घाणा लावायचा. दुसरं भांडं नाही. काकू जाऊबाईंना घेऊन बघायला येणार आहेत, म्हणजे पुन्हा विचारणार. खरं सांगितलं तर शिरड ठरलेलं. नाही सांगितलं तर भिंतीपलीकडे खाला ऐकणार.
दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन आले. कडी वाजवली नाही.
तेल गाळून झालं. सरपण रचलं. कढई अंगणात आहे. ती चुलीवर चढवायला अजून एक बाई लागते.